हरवलेली बिटकॉइन मोजायची कशी: जिवंत साठा, मृत साठा आणि गाळ

जायकवाडीचा हिशेब मराठवाड्यात पोराटोरांनाही पाठ असतो. नाथसागराची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यात जिवंत साठा २,१७१ आणि मृत साठा ७३८. पेपरात रोज छापून येते ती टक्केवारी जिवंत साठ्याची. ती शून्यावर आली म्हणून धरण कोरडं पडत नाही. मृत साठ्यात पाणी असतं आणि टंचाईच्या वर्षी आपत्कालीन पंप लावून तेही उपसलं जातं. गाळानं व्यापलेल्या जागेत मात्र पाणीच नसतं, तिथं कितीही पंप लावा.

बिटकॉइनचे हेच तीन भाग करायचे. फिरती नाणी म्हणजे जिवंत साठा, वर्षानुवर्षं जागची न हललेली म्हणजे मृत साठा आणि कायमची गेलेली म्हणजे गाळ. अंदाज फसतात ते बहुतेक एकाच कारणानं: मृत साठा सगळाच्या सगळा गाळात धरला जातो. खालची सगळी पद्धत ही चूक टाळण्यासाठी आहे.

नाणं हरवतं म्हणजे ते खर्च करायची खाजगी किल्ली, म्हणजे फक्त मालकाकडं असलेला गुप्त आकडा, हरवते. नाणं साखळीवर (ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची जाहीर वही) सगळ्यांना दिसत राहतं. खातेदार वारला तर सातबाऱ्यावर वारसांची नोंद लागते, फेरफार होतो. बिटकॉइनला तलाठी नाही. किल्ली गेली याची नोंद कुठंच होत नाही, म्हणून मोजणी नेहमी आडून करावी लागते.

आधी एकूण किती ते पक्कं करा

ब्लॉक म्हणजे साखळीत जोडला जाणारा व्यवहारांचा एकेक गठ्ठा. तो जोडणाऱ्या खाणकामगाराला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. पहिल्या २,१०,००० ब्लॉकमध्ये प्रत्येकी ५० नाणी निघाली, पुढच्या तितक्याच ब्लॉकमध्ये २५, मग १२.५, मग ६.२५. एप्रिल २०२४ मध्ये ८,४०,००० व्या ब्लॉकपासून हा दर ३.१२५ झाला. चार टप्प्यांची बेरीज १,९६,८७,५००. त्यापुढची नाणी काढायला तुमच्या ब्लॉकच्या क्रमांकातून ८,३९,९९९ वजा करा आणि ३.१२५ नं गुणा. ९,००,००० व्या ब्लॉकला, म्हणजे जून २०२५ मध्ये, ६०,००१ गुणिले ३.१२५ बरोबर १,८७,५०३.१२५. एकूण १,९८,७५,००३.१२५. ब्लॉक शून्यापासून मोजले जातात, म्हणून ८,४०,००० नाही तर ८,३९,९९९ वजा करायचे. इथं एकाची चूक झाली तर बेरीज पुढं कशाशीच जुळत नाही.

हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षातला काढायला बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरचा पूर्ण नोड चालवा, म्हणजे अख्खी साखळी उतरवून तपासणारा संगणक. साखळी ६०० जीबीच्या पुढं गेली आहे, त्यामुळं २ टीबीची एसएसडी घ्या. साध्या हार्ड डिस्कवर पहिलं सिंक आठवडे खातं, एसएसडीवर काही दिवसांत होतं. सिंक लवकर व्हावं म्हणून डीबीकॅशची (नोडनं वापरायच्या मेमरीची) मर्यादा मूळच्या ४५० एमबीवरून ४,००० च्या आसपास नेतात. पण लाइटचा भरवसा नसेल तर हे जपून करा. कॅशमधलं काम डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली तर तेवढं सगळं पुन्हा होतं, आणि कधी कधी चेनस्टेटच (न खर्चलेल्या नाण्यांची नोडची यादी) बिघडून ती नव्यानं बांधावी लागते. इन्व्हर्टर नसेल तर १,००० ठेवा. थोडं सावकाश होईल, पण पुढं सरकत राहील.

नोड सुरू करताना कॉइन-स्टॅट्स-इंडेक्स, म्हणजे प्रत्येक ब्लॉकपाशी नाण्यांचा हिशेब जपणारी सूची, चालू ठेवा. ही सोय २२.० आवृत्तीपासून आहे. इंडेक्स पूर्ण झाला की ‘गेट टीएक्स आउट सेट इन्फो’ हा आदेश द्या. रोमन लिपीत, सगळे शब्द जोडून, छोट्या अक्षरांत टाइप करायचा. हॅशचा प्रकार म्युहॅश द्या आणि पुढं ब्लॉकचा क्रमांक. उत्तरात न खर्चलेल्या आउटपुटची (व्यवहारातून एखाद्या पत्त्यावर पडलेल्या रकमांची) एकूण रक्कम येते आणि कधीच खर्च होऊ न शकणारी रक्कम वेगळी येते. या दोन्हींची बेरीज वरच्या कागदी आकड्याशी अगदी सातोशीपर्यंत जुळली पाहिजे. एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी. नाही जुळली तर पुढं जाऊ नका, बहुतेक वेळा तुमचा ब्लॉक क्रमांक चुकलेला असतो.

गाळ: जिथं शंकेला जागा नाही

नोड स्वतःच जी रक्कम बाद धरतो ती चार प्रकारची. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमधली ५० नाणी, जी प्रणालीच्या रचनेमुळंच खर्च करता येत नाहीत. २०१० मध्ये दोन ब्लॉकचे बक्षिसाचे व्यवहार आधीच्याच दोन व्यवहारांची हुबेहूब नक्कल निघाले, नव्यानं जुन्याची नोंद पुसली, १०० नाणी गेली. मग खाणकामगारांनी न उचललेली बक्षिसं: डिसेंबर २०१७ मधल्या ५,०१,७२६ व्या ब्लॉकमध्ये १२.५ नाणी घ्यायचीच राहिली. आणि शेवटी ओपी-रिटर्नसारखी आउटपुट, जी मुळातच खर्चायची नसतात. ही सगळी बेरीज काही शेकड्यांच्या पुढं जात नाही.

नोडला न दिसणारा गाळ तुम्हाला हातानं जोडायचा आहे. सगळ्यात मोठा नमुना ऑक्टोबर २०११ चा. माउंट गॉक्स या बाजारानं पाठवलेल्या २,६०९ नाण्यांच्या आउटपुटमध्ये पत्त्याच्या हॅशची (किल्लीवरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या आकड्याची) जागा रिकामी राहिली. खर्च करायचा तर किल्लीचा हॅश रिकामा यायला हवा, आणि तो नेहमी २० बाइटचाच येतो. म्हणजे गणितानंच दार बंद. तरीही नोड ही नाणी न खर्चलेल्या साठ्यातच दाखवतो, कारण तो स्क्रिप्टचा, म्हणजे आउटपुटवर लिहिलेल्या खर्चाच्या अटीचा, अर्थ लावत बसत नाही, फक्त ओपी-रिटर्ननं सुरू होणारी आणि मर्यादेपेक्षा लांब स्क्रिप्ट वगळतो.

त्याखालोखाल जाळण्याचे पत्ते, म्हणजे ज्यांची किल्ली कुणाकडंच नाही असे. काउंटरपार्टी प्रकल्पानं जानेवारी २०१४ मध्ये एका पत्त्यावर २,१०० च्या वर बिटकॉइन जाळून घेतली. असा पत्ता आधी अक्षरं ठरवून बनवतात, किल्ली नंतर शोधत नाहीत. पत्त्यात वाचता येणारे शब्द किंवा एकाच अक्षराची लांब रांग आणि शेवटची पाच-सहा अक्षरं मात्र वेडीवाकडी, अशी त्याची ओळख. ती शेवटची अक्षरं चेकसमची (टायपिंगची चूक पकडणारी) असतात, मनासारखी ठेवता येत नाहीत. उलट, सुरुवातीलाच तीन-चार अक्षरांचं नाव आणि पुढं सगळं वेडंवाकडं असेल तर तो हौसेनं शोधून काढलेला पत्ता, त्याची किल्ली कुणाकडं तरी आहे. तो या यादीत घालू नका.

इथवरची बेरीज पाच हजारांच्या आसपास राहते. दोन कोटींच्या मानानं काहीच नाही. पण खात्रीनं सांगता येण्यासारखं एवढंच आहे, आणि तुमच्या तक्त्यात ही ओळ कायम वेगळी दिसली पाहिजे.

मृत साठा: खरं काम इथं आहे

आता न खर्चलेली सगळी आउटपुट जन्मवर्षानुसार लावा. नोडमधून संपूर्ण संच फाइलमध्ये उतरवता येतो. नोड नसेल तर गूगलच्या बिगक्वेरी या सेवेवरचा बिटकॉइनचा सार्वजनिक डेटा वापरा, महिन्याला १ टीबीपर्यंतची चौकशी फुकट असते. फक्त लागतात तेवढेच रकाने मागवा. सगळे रकाने मागवले तर एका फटक्यात महिन्याचा कोटा संपतो. रकाने चार: ब्लॉक क्रमांक, रक्कम, स्क्रिप्टचा प्रकार, बक्षिसाचं आउटपुट आहे की साधं. मोजणी रकमेवर करा, नगांवर नको. आउटपुट काही कोटी आहेत आणि त्यांत चिल्लर फार. जुन्या प्रकारचं एक आउटपुट खर्चायला सुमारे १४८ बाइट लागतात. बाइटला २० सातोशी फी धरली तर २,९६० सातोशी होतात. त्याहून कमी रकमेचं आउटपुट त्या दिवशी कुणी हलवणार नाही, पण म्हणून ते हरवलेलं नाही.

मग चार वेगळ्या ओळी करा.

पहिली बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याची. २०१३ मध्ये संशोधक सर्जिओ लर्नर यांनी सुरुवातीच्या ब्लॉकमधल्या एक्स्ट्रानॉन्स या, ब्लॉक शोधताना खाणकामगार वाढवत नेतो त्या, आकड्याच्या चढणीवरून एकाच खाणकामगाराचे सुमारे २२,००० ब्लॉक वेगळे काढले. त्यांत ११ लाखांच्या आसपास नाणी आहेत आणि जवळपास सगळी जागच्या जागी. ती गेली की राखून ठेवली, हे ठरवायला साखळीवर काहीच पुरावा नाही. म्हणून या ओळीला मधली टक्केवारी देऊ नका. एकदा पूर्ण धरून आणि एकदा पूर्ण सोडून, असे दोन हिशेब मांडा.

दुसरी ओळ २००९–१० मधल्या इतर खाणकामगारांची. तेव्हा नाण्याला किंमत नव्हती. मे २०१० मध्ये १०,००० नाण्यांत दोन पिझ्झा आले, त्याच वर्षी एक संकेतस्थळ येणाऱ्याला ५ नाणी फुकट वाटत होतं. संगणक विकले गेले, फॉरमॅट झाले. शिवाय त्या काळच्या पाकिटात (किल्ल्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक खोच होती. पाकीट पुढच्या १०० किल्ल्या आधीच बनवून ठेवायचं, आणि प्रत्येक खर्चाची उरलेली मोड नव्या किल्लीवर जायची. शंभर किल्ल्या वापरून झाल्या की जुना बॅकअप निकामी. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचीही नाणी यात गेली. एकाच बीजावरून सगळ्या किल्ल्या निघणारी पाकिटं बिटकॉइन कोअरमध्ये २०१६ साली आली.

तिसरी ओळ २०११ ते २०१६ (वजनं लावताना तिचे २०११–१३ आणि २०१४–१६ असे दोन भाग होतील), चौथी २०१७ पासूनची. चौथीतून बाजारांची, फंडांची आणि सरकारजमा नाण्यांची माहीत असलेली पाकिटं आधी काढून टाका. ती हलत नाहीत कारण तिजोरीत आहेत.

तळ कसा काढायचा

एका वर्षात जन्मलेली नाणी घ्या आणि दर चार वर्षांनी त्यातली किती अजून हलली नाहीत ते बघा. समजा १०० पैकी चार वर्षांनी ४० उरली, आठ वर्षांनी २८, बारा वर्षांनी २५. पहिली घट १२, दुसरी ३. घट दर वेळी चौथाई होते आहे, म्हणजे रेषा कुठं तरी सपाट होणार. ती पातळी काढायला दुसऱ्या घटीचा वर्ग घ्या, ९. दोन घटींतला फरक घ्या, तोही ९. भागाकार १. तो शेवटच्या २५ मधून वजा केला की तळ २४. एक्सेलमध्ये हे एका ओळीचं सूत्र आहे. दोन्ही घटी सारख्याच असतील तर भाजक शून्य होतो. त्याचा अर्थ तळ अजून दिसायचा आहे, त्या वर्षाला ही रीत लावू नका.

हा तळ म्हणजे हरवलेली नाणी नव्हेत, हरवलेल्यांची कमाल मर्यादा आहे. तळाशी पाणी असू शकतं. ते किती, हे ठरवायला तीन कसोट्या लावा.

भावाची कसोटी. लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसणाऱ्याला हे शिकवायला लागत नाही. शेतकऱ्यांच्या घरात सोयाबीन किती शिल्लक आहे हे कुणी घरोघरी जाऊन मोजत नाही, भाव चढला की आवक किती वाढते यावरून ताडतात. भाव वाढूनही आवक वाढली नाही, तर घरं रिकामी आहेत. बिटकॉइनचे असे चार चढ आहेत: २०१३ च्या शेवटी १,००० डॉलर, डिसेंबर २०१७ ला २०,००० च्या जवळ, नोव्हेंबर २०२१ ला ६९,००० च्या आसपास, डिसेंबर २०२४ ला १ लाखाच्या वर. प्रत्येक चढाच्या आधीचे आणि नंतरचे सहा महिने धरून, जन्मवर्षातली किती नाणी बाहेर आली ते मांडा. चारही चढांत जी ओळ हलली नाही तिला हरवलेलं धरायचं प्रमाण वाढवा.

फाट्याची कसोटी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती फार कमी लोक लावतात. १ ऑगस्ट २०१७ ला साखळीला फाटा फुटून बिटकॉइन कॅश हे दुसरं चलन वेगळं झालं. त्याआधीचं प्रत्येक न खर्चलेलं आउटपुट दोन्ही साखळ्यांवर आहे आणि किल्ली तीच. इकडं नाणं हललेलं नाही पण तिकडं खर्च झालं आहे, तर किल्ली ऑगस्ट २०१७ नंतर कुणाच्या तरी हातात होती. असं आउटपुट गाळातून सरळ बाहेर काढा. दोन्हीकडं हललं नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी सहीची. मे २०२० मध्ये २००९ च्या काळातल्या १४५ पत्त्यांच्या किल्ल्यांनी एका संदेशावर सह्या केल्या. नाणी जागची हलली नव्हती, पण किल्ल्या जिवंत होत्या. नुसत्या साखळीकडं बघून हे कधीच कळलं नसतं.

वजनं आणि बेरीज

सुरुवातीला आमच्या मते हे पट्टे धरावेत: २००९–१० मधल्या न हललेल्या नाण्यांतली ६० ते ९० टक्के, २०११–१३ मधली २५ ते ५०, २०१४–१६ मधली १० ते ३०, त्यानंतरची अर्धा ते २ टक्के. कसोट्या लावून हे पट्टे आवळायचे. समजा २००९–१० च्या ओळीत ६ लाख नाणी निघाली, तर हरवलेली ३.६ ते ५.४ लाख. शेवटच्या ओळीत समजा १ कोटी २० लाख, तर ०.६ ते २.४ लाख. आता शेवटच्या ओळीची कमाल २ ऐवजी ४ टक्के करून बघा: ४.८ लाख. जुन्या ओळींवर कितीही मेहनत घेतली तरी या एका टक्केवारीनं बेरीज हलते, म्हणून कोणतं वजन का धरलं हे शेजारच्या रकान्यात लिहाच.

बाहेरचा आकडा ताडून बघायला चेनॅलिसिस कंपनीचा २०१७ चा अंदाज आहे: २७.८ ते ३७.९ लाख. तीन वर्षांनी त्यांनी ३७ लाखांच्या आसपास सांगितला. तुलना करण्याआधी सातोशीची ओळ दोन्हीकडं सारखी धरली आहे ना ते बघा, नाहीतर ११ लाखांचा फरक तिथंच पडतो.

पट्टा फार वर नेण्याचा मोह आवरा. नोटबंदीत परत न येणाऱ्या नोटांबद्दल किती मोठमोठे अंदाज बांधले गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या मोजणीत १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, ९९.३ टक्के. नोटा परत मागवता येतात म्हणून ती मोजणी झाली तरी. बिटकॉइन परत मागवणारं कुणी नाही.

कुठं घसरतं

बातमीतली नाणी दुसऱ्यांदा जोडली जातात. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या कचऱ्यात गेलेल्या हार्ड डिस्कवरची सुमारे ८,००० नाणी किंवा पासवर्ड विसरलेल्या आयर्नकी पेनड्राइव्हमधली ७,००२ नाणी तुमच्या जन्मवर्षाच्या ओळींत आधीच आली आहेत.

चोरलेलं आणि हरवलेलं एक केलं जातं. मार्च २०११ मध्ये माउंट गॉक्समधून गेलेली ७९,९५७ नाणी एकाच पत्त्यावर तेव्हापासून पडून आहेत. किल्ली आहे की नाही, सांगता येत नाही. पण नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकन सरकारनं सिल्क रोड या बेकायदा ऑनलाइन बाजाराशी जोडलेली अशीच ६९,००० वर नाणी जप्त केली, जी कित्येक वर्षं निपचित होती.

मालकाचा शब्द पुरावा धरला जातो. माउंट गॉक्सनं सगळं गेलं म्हटल्यावर मार्च २०१४ मध्ये एका जुन्या पाकिटात जवळपास २ लाख नाणी सापडली. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या बाजाराच्या मालकाचा डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला मृत्यू झाला आणि किल्ल्या त्याच्यासोबत गेल्या असं सांगितलं गेलं. पाकिटं उघडी पडली तेव्हा ती आधीच रिकामी होती. ती नाणी कधीच हरवली नव्हती, लोकांचे पैसे मात्र गेले.

आणखी एक: सुरुवातीच्या काळातली सुमारे १७ लाख नाणी अशा आउटपुटमध्ये आहेत जिथं सार्वजनिक किल्ली उघडी दिसते. पुरेशा ताकदीचा क्वांटम संगणक झाला तर ती दुसराच कुणी हलवू शकेल. त्या नाण्यांपुढं तक्त्यात वेगळी खूण ठेवा.

इथेरियमला ही रीत जशीच्या तशी चालत नाही, कारण तिथं आउटपुट नसून खाती असतात. जुलै २०१५ च्या पहिल्या वाटपातली अशी खाती काढा ज्यांचा नॉन्स अजून शून्य आहे, म्हणजे ज्यांनी एकदाही काही पाठवलेलं नाही. त्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या बहुसही (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या) पाकिटांत अडकलेले ५,१३,७७४ इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, जोडा. ऑगस्ट २०२१ पासून फीमधून जाळले जाणारे इथर यात धरू नका, ते पुरवठ्यातूनच वजा होतात.

तक्ता दर सहा महिन्यांनी त्याच आदेशानं, नव्या ब्लॉक क्रमांकावर पुन्हा काढा. प्रत्येक ओळीत मागच्या वेळी हरवलेलं धरलेल्यांपैकी किती नाणी हलली ते लिहा. ४ जुलै २०२५ ला आठ पाकिटांतून ८०,००० नाणी चौदा वर्षांनी हलली, २०११ मध्ये येऊन पडलेली. त्या दिवशी २०११ च्या ओळीतून ती आधी वजा करायची, आणि मग त्या ओळीची कमाल टक्केवारी खाली आणायची.